तक्त्यात नसलेली रसायनं आणि पिण्याचं पाणी : सल्ला-पातळीचा आकडा कसा वाचायचा? (टँकर, बोअर, आरओ, सगळं इथेच)

तळटाकी (धागाकर्ता)

उन्हाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टँकरच्या पाण्याचे अहवाल फिरायला लागतात. खाली 'आयएस १०५०० (आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक) नुसार पिण्यास योग्य' असा शिक्का दिसला की कमिटी निर्धास्त. शेरा खोटा नसतो, पण तो तपासलेल्या पंधरा-वीस गोष्टींपुरताच असतो. आयएस १०५००:२०१२ च्या तक्त्यांत पीएफओए-पीएफओएस (सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं; या सगळ्या कुळाला पीएफएएस म्हणतात) नाहीत, १,४-डायऑक्सेन नाही, परक्लोरेट नाही, पेट्रोलमधलं एमटीबीई नाही. जे तक्त्यात नाही ते प्रयोगशाळा आपणहून मोजत नाही.

अशा रसायनांसाठी अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए 'हेल्थ अॅडव्हायझरी' काढते. धाग्यापुरतं त्याला सल्ला-पातळी म्हणू. बंधनकारक मर्यादा ठरवताना खर्च, उपलब्ध तंत्र, प्रयोगशाळांची कुवत हे सगळं बघतात. सल्ला-पातळीत मुख्यतः तब्येत बघतात. ती ओलांडली म्हणून कुणाला दंड होत नाही, आणि पाणी तिच्या आत आहे म्हणून प्रमाणपत्रही मिळत नाही.

हा आकडा एकटा कधीच नसतो. त्याच्यामागे 'कोण पितंय, रोज किती, किती दिवस' हे दडलेलं असतं. ईपीएच्या तक्त्यात म्हणूनच एका रसायनापुढे तीन रकाने दिसतात: एक दिवस, दहा दिवस आणि आयुष्यभर. पहिल्या दोन्हींत १० किलोचं मूल (म्हणजे साधारण वर्षाचं) रोज १ लिटर पितं असं धरतात. आयुष्यभराच्या रकान्यात जुन्या हिशोबाने ७० किलोचा माणूस आणि २ लिटर, नव्या हिशोबाने ८० किलो आणि २.५ लिटर.

हाताने करून बघा, सोपं आहे. मँगनीज घेऊ. रोज चालेल असा डोस ०.१४ मिग्रॅ दर किलो वजनामागे. हा अन्नातल्या मँगनीजवरून काढलेला, म्हणून पाण्यासाठी ३ ने भागायचा: ०.०४७. गुणिले ७० किलो, भागिले २ लिटर = १.६ मिग्रॅ/लि. पण माणूस फक्त पाण्यातूनच मँगनीज घेत नाही, म्हणून पाण्याच्या वाट्याला त्यातले २० टक्केच. उत्तर ०.३ मिग्रॅ/लि. आपल्या मानकातही मँगनीजला स्वीकार्य ०.१ आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मध्ये बाटलीचं दूध पिणारं बाळ समोर ठेवून ०.०८ असा तात्पुरता आकडा दिला. धातू तोच, पिणारा बदलला.

आकडाच नसेल तेव्हा काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचं. ९ जानेवारी २०१४ ला एल्क नदीच्या काठावरच्या टाकीतून एमसीएचएम हे कोळसा धुण्याचं रसायन गळून चार्ल्सटनच्या पाण्यात गेलं. सुमारे ३ लाख लोकांच्या नळाला ज्येष्ठमधासारखा वास. कुठल्याच तक्त्यात या रसायनाचं नाव नव्हतं. सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) उंदरांच्या २८ दिवसांच्या चाचणीतला 'परिणाम दिसला नाही' असा डोस घेतला: १०० मिग्रॅ दर किलो. त्याला १० ने भागलं कारण माणूस उंदीर नाही, पुन्हा १० ने कारण सगळी माणसं सारखी नाहीत, पुन्हा १० ने कारण माहिती अपुरी. राहिले ०.१. गुणिले १० किलो, भागिले १ लिटर = १ मिग्रॅ/लि. हा आकडा जाहीर झाल्यावर काहीच दिवसांत गरोदर बायकांनी बाटलीचंच पाणी प्यावं असा वेगळा सल्ला द्यावा लागला. नंतर स्वतंत्र तज्ज्ञांनी आंघोळ, वाफ आणि तान्ही बाळं हिशोबात घेतली, तेव्हा उत्तर ०.१२ आलं. आठपट खाली.

पुढचं प्रतिसादांत येऊ द्या. नमुना कसा घ्यायचा आणि कुठलं यंत्र काय काढतं, यावर इथे जाणकार आहेत हे माहीत आहे.

---

सदाफुली

वाचनखूण साठवली. एक शंका, तळटाकी. पीएफओएची सल्ला-पातळी काही ठिकाणी ७० लिहिलेली दिसते, काही ठिकाणी ०.००४, काही ठिकाणी ४. यातली खरी कुठली?

---

आकडेमोड

सदाफुली ताई, तिन्ही खऱ्या, आपापल्या साली. एकक सगळीकडे नॅनोग्रॅम/लि., म्हणजे पीपीटी (पार्ट्स पर ट्रिलियन).

२००९ : पीएफओए ४००, पीएफओएस २००. तात्पुरता, अल्प मुदतीचा सल्ला.
२०१६ : दोन्ही मिळून ७०. आयुष्यभरासाठी.
जून २०२२ : अंतरिम सल्ला, पीएफओए ०.००४ आणि पीएफओएस ०.०२.
एप्रिल २०२४ : बंधनकारक मर्यादा, प्रत्येकी ४.

२०२२ चा ०.००४ बघून लोक घाबरतात. तेवढं कमी कुठलीच नेहमीची पद्धत मोजू शकत नाही. तब्येतीचं गणित तिथे पोचलं, यंत्र पोचलं नाही. २०२४ मध्ये कायदा करताना प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकतात तिथे थांबावं लागलं, म्हणून ४. सल्ला आणि कायदा यांतला फरक समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण नाही. मे २०२५ मध्ये ईपीएने ही दोन्हींची मर्यादा ठेवून पालनाची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्याचा इरादा जाहीर केला. म्हणजे कायद्याची तारीख पुढेमागे सरकते, तब्येतीचं गणित तिच्यासाठी थांबत नाही.

४ नॅनोग्रॅम म्हणजे किती? मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्या सगळ्या पाण्यात मिळून साधारण १६ ग्रॅम. भांडुप, पांजरापूर, सगळी शुद्धीकरण केंद्रं धरून चार छोटे चमचे साखर.

---

कोरडा_नळ

आमच्याकडे टँकर एप्रिल ते जूनच. वर्षातले साठ दिवस. मग दहा दिवसांचा रकाना बघायचा की आयुष्यभराचा? साठ भागिले तीनशे पासष्ट म्हणजे १६ टक्के. आयुष्यभराच्या आकड्याच्या सहापट चालेल, असं म्हणता येईल ना?

---

आकडेमोड

नाही, आणि का नाही ते बघा. सरासरीचं गणित तेव्हाच चालतं जेव्हा पदार्थ शरीरातून लवकर निघून जातो आणि त्याचा त्रास हळूहळू साचणारा असतो. पीएफओए शरीरातून निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. साठ दिवसांत आत गेलेलं दहा महिन्यांत धुतलं जात नाही, पुढचा उन्हाळा त्याच्यावरच चढतो. दुसरं, २०१६ चा ७० चा आकडा गर्भाच्या आणि तान्ह्या बाळाच्या वाढीवरच्या परिणामांवरून काढलेला. त्यात रोजचा डोस २० नॅनोग्रॅम दर किलो, दूध पाजणारी आई दर किलो वजनामागे ०.०५४ लिटर पाणी पिते, आणि पाण्याचा वाटा २० टक्के. २० भागिले ०.०५४ गुणिले ०.२ = ७४, पूर्णांकात ७०. गरोदरपणातले काही आठवडेही त्यात मोजले जातात, असं ईपीएनेच म्हटलं होतं. ज्या घरात आठवा महिना चालू आहे तिथे तुमचे साठ दिवस म्हणजे पूर्ण मुदत.

दरवर्षी येणारा टँकर असेल तर आयुष्यभराचाच रकाना धरा. दहा दिवसांचा रकाना जलवाहिनी फुटली, नाल्याचं पाणी घुसलं, अशा वेळेसाठी.

---

बारीक_चाळणी

रकान्यांत आणखी एक खाच आहे, ती लिहून ठेवतो.

१,४-डायऑक्सेन. शांपू-डिटर्जंटचे फेसाचे घटक बनवताना (इथॉक्सिलेशन) उपउत्पादन म्हणून तयार होतं, शिवाय सॉल्व्हंट टिकवायला वापरायचे. ईपीएच्या तक्त्यात आयुष्यभराची सल्ला-पातळी २०० मायक्रोग्रॅम/लि. त्याच ओळीत पुढे कर्करोगाचा रकाना, तिथे दहा हजारात एकाच्या जोखमीला ३५. म्हणजे दहा लाखांत एकाला ०.३५. मग २०० 'सुरक्षित' कसं? तो आकडा फक्त यकृत-मूत्रपिंडाच्या त्रासासाठीचा आहे, कर्करोग त्यात धरलेलाच नाही. २०० वर कर्करोगाची जोखीम दहा हजारांत पाच-सहा निघते. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते. कॅलिफोर्निया १ ला ग्राहकांना कळवायला सांगतं.

चार आकडे, चार वेगळे प्रश्न. कुणी अहवालात '२०० च्या आत' लिहिलं, तर पुढचा रकाना बोट ठेवून दाखवा.

ज्याचा आकडा कुठेच सापडत नाही त्यासाठी जर्मनीच्या पर्यावरण संस्थेची पद्धत सोयीची पडते. माहिती अपुरी असेल तर ०.१ मायक्रोग्रॅम/लि. धरायचं. जसजशा चाचण्या होऊन निर्धोक ठरेल तसं ०.३, १, ३ असं वर चढायचं. जनुकांना जबर इजा करणारं निघालं तर ०.०१ वर उतरायचं. परीक्षेत नापास होईपर्यंत पास, या आपल्या पद्धतीच्या अगदी उलट.

---

शून्य_हेडस्पेस

आता नमुना. पैसे इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर.

पहिलं, प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांची मान्यता) आहे एवढं पुरेसं नाही. स्कोप, म्हणजे कुठल्या चाचण्यांना मान्यता आहे ती यादी, बघा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेचा स्कोप असतो; त्यात पिण्याचं पाणी या नमुना-प्रकारासमोर तुमचं रसायन आणि पद्धत लिहिलेली हवी. लोखंड-क्लोराइडचा स्कोप असलेल्याने पीएफएएस बाहेरून करून आणलं, तर त्या ओळीला मान्यतेचा आधार नाही.

दुसरं, किमान मोजणी किती? इंग्रजीत एलओक्यू म्हणतात. पीएफओएची तुलना ४ नॅनोग्रॅमशी करायची असेल आणि यांची किमान मोजणी ५० असेल, तर 'आढळले नाही' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे नेहमीच्या साच्यात छापलेला अहवाल, 'पीएफओए < ०.००१ मिग्रॅ/लि.' दिसायला किती छान! ०.००१ मिग्रॅ म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. अमेरिकी मर्यादेच्या अडीचशेपट असलं तरी हा अहवाल तेच म्हणेल. तुलनेच्या आकड्याच्या निदान निम्म्यावर किमान मोजणी असावी, तिसऱ्या हिश्श्यावर असली तर उत्तम. हे नमुना देण्याआधी ईमेलवर लेखी घ्या.

बाटल्या रसायनानुसार वेगळ्या. सगळ्यासाठी एकच पाच लिटरचा कॅन नेऊन दिला तर तो परत न्या.

एमटीबीई, बेंझीन वगैरे उडणारे: ४० मिलीच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण. आधी क्लोरीन मारायला अॅस्कॉर्बिक आम्ल किंवा थायोसल्फेट, मग हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली. क्रम उलटा केला तर चुकतं. कुपी काठोकाठ, वर पाण्याचा फुगवटा दिसेल इतकी भरायची आणि झाकण सरकवून लावायचं. उलटी करून बोटाने टिचकी मारा. बुडबुडा वर आला तर टाकून पुन्हा भरा. तो बुडबुडा म्हणजे तुमचं रसायन हवेत गेलं.

मँगनीज आणि इतर धातू: प्लॅस्टिकची बाटली, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली, आयसीपी-एमएस या धातू मोजायच्या यंत्रावर. दोन बाटल्या द्या, एक तशीच, दुसरी ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेली. गाळलेल्यात मँगनीज कमी आणि न गाळलेल्यात भरपूर असेल, तर साध्या गाळणीने बरंच काम होतं. दोन्हींत सारखं असेल तर ते विरघळलेलं आहे. गाळणी त्याला अडवणार नाही.

पीएफएएस: पॉलिप्रोपिलिनची २५० मिलीची बाटली, काच नको कारण हे काचेला चिकटतात. ईपीएची पद्धत ५३७.१ असेल तर त्यात ट्रिझ्मा, ५३३ असेल तर अमोनियम अॅसिटेट आधीच घातलेलं येतं. बाटली विसळू नका. नळाची जाळी काढा. आटे जोडताना टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळलेली असेल तर तो नळ टाळा. पावसाळ्यात नमुना घेणार असाल तर पाणी न लागणारं जाकीट बाहेर काढून ठेवा, त्याच्यावर हेच रसायन असू शकतं. नायट्राइलचे मोजे. पाणी तीनेक मिनिटं सोडून द्यायचं. सोबत प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याची कोरी बाटली त्याच जागी उघडून भरायची; त्यात पीएफएएस सापडलं तर दोष तुमच्या हाताचा किंवा हवेचा, पाण्याचा नव्हे. बर्फावर ठेवून न्यायचं, प्रवासात १० अंशांच्या खाली. ५३७.१ ला १४ दिवसांत, ५३३ ला २८ दिवसांत अर्क काढायला हवा.

अहवालात 'रिकव्हरी' मागा, म्हणजे मुद्दाम घातलेल्या रसायनापैकी किती टक्के मोजणीत परत सापडलं. ७० ते १३० टक्क्यांच्या बाहेर असेल तर आकड्यावर विसंबू नका.

---

सदाफुली

बापरे. सोसायटीच्या सेक्रेटरीने हे सगळं करायचं?

---

शून्य_हेडस्पेस

नाही हो. चांगल्या प्रयोगशाळेचा माणूस बाटल्या घेऊन येतो आणि स्वतः भरतो. हे वाचलेलं असलं की तो टेफ्लॉनची पट्टी असलेल्या नळाखाली बाटली धरतो तेव्हा तुम्हाला थांबवता येतं.

---

मुलुंड_पूर्व

वर सगळी चर्चा पीएफएएसवर चाललीय. मुंबईच्या बोअर आणि टँकरला आधी मँगनीज बघा असं माझं स्पष्ट मत. स्वस्त चाचणी आहे, आणि लक्षण घरात दिसतं.

बोअरचं पाणी खोलातून येतं तेव्हा प्राणवायू नसतो, मँगनीज विरघळलेलं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. तळटाकीत पालिकेच्या क्लोरीनच्या पाण्यात मिसळलं की हळूहळू काळं पडतं. टाकीच्या भिंतीला काळा शेवाळासारखा लेप, हात लावला की काजळी. फ्लशच्या टाकीत, मिक्सरच्या गाळणीत, कपड्यांवर तपकिरी ठिपके. वास नाही. हा लेप वर्षानुवर्षं पाइपात बसतो आणि पंप झटक्याने चालू झाला किंवा दाब बदलला की एकदम सुटतो. त्या दिवशीच्या पाण्यातलं मँगनीज अहवालातल्या आकड्याच्या कितीतरी पट. म्हणून एकाच नमुन्यावर भरवसा ठेवू नका. एक टँकरच्या व्हॉल्व्हवरून, एक तळटाकीतून, एक शेवटच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून घ्या. तिसरा पहिल्याहून जास्त आला तर टँकरला शिव्या देऊ नका, पाइप धुवा.

अजून एक घोटाळा. क्लोरीन आहे का बघायला वॉचमनकडे ऑर्थोटोलिडीनची कुपी असते, दोन थेंब टाकले की पिवळं. ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीजही तोच पिवळा रंग देतं. डीपीडीच्या गोळीचंही तेच, गुलाबी येतं. क्लोरीन शून्य आणि कुपी सांगते ०.५! मँगनीज असलेल्या पाण्यात या चाचणीवर जायचंच नाही.

बाळाच्या दुधासाठी: सहा महिन्यांखालच्या बाळाला ईपीए दहा दिवसांच्या मुदतीतही ०.३ च धरायला सांगते, मोठ्यांचा १ मिग्रॅ नाही. भुकटीत आधीच मँगनीज असतं, त्यात पाण्यातलं भर घालतं.

---

सदाफुली

मग दुधासाठी पाणी उकळून घेतलं तर?

---

मुलुंड_पूर्व

जंतूंसाठी उकळायलाच हवं, ते सोडू नका. पण मँगनीज, परक्लोरेट, पीएफएएस यांतलं काही उडून जात नाही. १ लिटर उकळून ८०० मिली उरलं तर प्रमाण सव्वापट झालं. दोन मिनिटं खळखळलं की गॅस बंद. बाळापुरतं पालिकेच्या थेट नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा. वैतरणा-भातसाचं पाणी आहे, टँकरपेक्षा केव्हाही बरं.

---

बारीक_चाळणी

आता यंत्रं. आधी जे होत नाही ते: यूव्हीने यातलं काहीही निघत नाही. यूएफनेही (बारीक छिद्रांचा पडदा) विरघळलेलं काही नाही. तुरटी, घडा, ताम्हण, काही नाही.

आरओ पीएफएएस, मँगनीज, परक्लोरेट चांगलं अडवतो. १,४-डायऑक्सेन अर्धवट, तो छोटा, पाण्यात मुरणारा रेणू, कोळशालाही नीट चिकटत नाही. जलशुद्धीकरण प्रकल्पात त्याला यूव्ही आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र लागतं, ते घरी जमण्यासारखं नाही. एमटीबीईही कोळशाला जेमतेम धरतं. त्याचा त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे वास: ईपीएचा १९९७ चा सल्ला २० ते ४० मायक्रोग्रॅम हा वास-चवीवरून दिलेला, आणि तेवढ्याला बऱ्याच नाकांना टर्पेंटाइनसारखं जाणवतं. पेट्रोल पंपाशेजारची बोअर आणि असा वास असेल तर यंत्र शोधू नका, बोअर पिण्यासाठी बंद करा.

आरओबद्दल विक्रेता सांगत नाही ती गोष्ट म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मॉड्युलेटर. चव यावी म्हणून न गाळलेलं थोडं पाणी पडद्याला वळसा घालून शेवटी मिसळतात. तो एका छोट्या स्क्रूवर असतो. टँकरचं पाणी ४०० टीडीएस, पडद्यातून ४० येतं आणि मेकॅनिकने १२० वर सेट केलंय. तर कच्चं पाणी किती मिसळलं? (१२० वजा ४०) भागिले (४०० वजा ४०) = २२ टक्के. म्हणजे पीएफएएसचे २२ टक्के तुमच्या पेल्यात थेट, मधल्या कोळशाने जे धरलं असेल तेवढं सोडून. स्क्रू पूर्ण बंद करा. चव हवी असेल तर शेवटी मिनरल कार्ट्रिज घाला.

पडदा ठीक आहे का: स्क्रू बंद ठेवून टीडीएस आत किती, बाहेर किती ते मोजा. ९० टक्क्यांहून जास्त कमी झालं तर चांगला, ८० च्या खाली आला तर बदला. हा मीटर फक्त पडद्याचं आरोग्य सांगतो. पीएफएएस त्याला दिसत नाही. मीटरचा शेवटचा आकडा १ मिग्रॅ, आणि आपण बोलतोय त्याच्या दहा लाखाव्या भागाबद्दल.

कार्बनचा ब्लॉक घेताना डब्यावर एनएसएफ/एएनएसआय ५३ (गाळणीचं अमेरिकी मानक) लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका (आरओला ५८). त्या प्रमाणपत्रात पीएफओए-पीएफओएस असं नाव घेतलेलं हवं. ५३ शिशासाठीही मिळतं.

---

कोरडा_नळ

पूर्ण सोसायटीला कोळशाची टाकी बसवून दिली तर? एका विक्रेत्याने ताशी २,००० लिटरला ५० किलो कोळशाची एक टाकी असं कोटेशन दिलंय.

---

बारीक_चाळणी

क्लोरीनचा वास घालवायला ठीक. पीएफएएससाठी पाणी कोळशात साधारण दहा मिनिटं राहायला हवं. ताशी २,००० म्हणजे मिनिटाला ३३ लिटर, गुणिले १० = ३३३ लिटर कोळसा, वजनात दीडशे किलोच्या वर. तेही दोन टाक्या एकामागे एक. नमुना दोन टाक्यांच्या मधून घ्यायचा: तिथे दिसायला लागलं की पहिलीचा कोळसा संपला, दुसरी पुढे आणायची आणि नवी मागे. एकच टाकी असेल तर कोळसा संपल्याचं नळालाच कळतं. कार्बनची साखळी लहान असलेले पीएफएएस आधी सुटतात, म्हणून फक्त पीएफओए मोजून समाधान मानू नका.

वापरलेला कोळसा गच्चीवरच्या कुंड्यांत घालायचा नाही. हसू नका, असा सल्ला देणारे भेटतात. तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाईल अशी सोय कोटेशनमध्येच लिहून घ्या.

पण खरं सांगू? पन्नास घरांना पिण्यापुरतं पाणी दिवसाला हजार लिटरही होत नाही. फ्लशचं आणि गाड्या धुण्याचं पाणी कशाला कोळशातून नेता?

---

तळटाकी

बारीक_चाळणी यांच्याशी पूर्ण सहमत. उपायाआधी नळजोडणी बघा. पालिकेचं आणि टँकरचं पाणी एकाच तळटाकीत पडतं, बहुतेक दुखणी तिथून. तळटाकीत भिंत घालून दोन कप्पे करा, पालिकेच्या कप्प्यातून एक बारीक लाइन स्वयंपाकघरात, बाकी सगळं टँकरच्या कप्प्यातून. दोन कप्प्यांमधली ओव्हरफ्लोची पातळी सारखी ठेवू नका, नाहीतर टाकी भरली की पुन्हा खिचडी.

पालिकेच्या एकट्या पाण्यावर चालणाऱ्या घरांना आरओची गरज टीडीएसमुळे तरी नाही, ते मुळातच कमी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं, ते याच कारणाने.

---

आकडेमोड

तळटाकी, इथे जरा असहमत. लवादाचा मुद्दा टीडीएस आणि पाण्याची नासाडी हा होता. टीडीएस ८० असलेल्या पाण्यातही पीएफएएस असू शकतं, टीडीएस १,५०० च्या पाण्यात ते नसू शकतं. 'टीडीएस कमी, म्हणून रसायन नाही' असा अर्थ कुणी काढू नये.

---

तळटाकी

मान्य. माझं वाक्य ढिलं होतं. टीडीएससाठी आरओ नको एवढंच.

खर्चाचा क्रम असा लावेन. आधी टँकरवाल्याकडून पाणी नेमकं कुठल्या विहिरीचं किंवा बोअरचं, हे लेखी. मग मँगनीज, नायट्रेट, शिसं, जंतू: स्वस्त आणि मुंबईत सापडण्याची शक्यता जास्त. विहिरीजवळ पेट्रोल पंप, गॅरेज, रिफायनरी असेल तर उडणारी रसायनं. गॅल्व्हनाइजिंग, क्रोम प्लेटिंग, कापडाला कोटिंग, विमानतळ किंवा आगीच्या फेसाचा साठा जवळ असेल तर मगच पीएफएएस. ती सगळ्यात महाग चाचणी, हौसेने करायची नाही.

---

कोरडा_नळ

टँकरवाला म्हणतो विहीर सांगणार नाही, धंद्याचं गुपित. अहवाल देतो म्हणाला.

---

शून्य_हेडस्पेस

अहवालावर नमुन्याची जागा काय लिहिलीय? 'ग्राहकाने आणून दिलेला नमुना' असेल तर तो कागद त्या बाटलीचा, त्याच्या टँकरचा नव्हे.